जो–तो ची भाषा : विकिडेटाला मराठी लेखकांविषयी प्रश्न विचारताना

दोन वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी 'गोव्यात जन्मलेले मराठी लेखक' असा विषय घेतला. कोश चाळण्याऐवजी तिने विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्याकडून एक तक्ता काढून आणला. तक्ता नीटनेटका होता आणि फारच लहान होता. त्यात एका अशा लेखकाचे नाव नव्हते, ज्याचे धडे आमच्या दोन पिढ्यांनी शाळेत वाचले आहेत. प्रकल्पाचा निष्कर्ष मात्र तयार होता : या प्रदेशात मराठी लेखन तुरळक. मी तो वाचला, भाषा सुधारली आणि जवळजवळ सही केली. चूक माझीच. साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या माणसाने तक्त्यापुढे इतके नम्र होऊ नये.

नंतर आम्ही दोघी त्या तक्त्यामागचा प्रश्न पाहायला बसलो. माहिती साठ्यात होती. प्रश्न चुकला होता. तो कसा चुकला हे समजून घेताना मला ही भाषा थोडीफार शिकावी लागली. ती मराठीच्या शिक्षकांना वाटते तितकी परकी नाही, म्हणून हा लेख.

विकिडेटा २०१२ साली सुरू झाला. तेथे माहिती परिच्छेदांत नसते, सुट्या विधानांत असते. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. गोवा म्हणजे क्यू ११७१, मराठी भाषा म्हणजे क्यू १५७१, आणि 'मनुष्य' या कल्पनेचा क्रमांक आहे क्यू ५. (आपण पाचवे, हे मला उगीच आवडले.) संबंधांनाही क्रमांक आहेत. 'जन्मस्थळ' हा संबंध पी १९, 'मातृभाषा' पी १०३, 'लेखनभाषा' पी ६८८६. अमुक व्यक्ती, जन्मस्थळ, अमुक गाव : एवढे तीन भाग जोडले की एक विधान झाले. हे सारे कोणीही कोणत्याही परवानगीशिवाय वापरू शकतो.

या विधानांतून हवे ते मागवण्याच्या भाषेचे नाव स्पार्कल. २००८ साली ती वेबची प्रमाण भाषा म्हणून मान्य झाली. आपण ती एका पानावर लिहून उत्तर तक्त्यात पाहू शकतो. तोच प्रश्न एखादा संगणक-कार्यक्रम वेब एपीआयमार्फत, म्हणजे यंत्रांसाठी उघडलेल्या दारातून, पाठवू शकतो आणि उत्तर यंत्राला वाचता येईल अशा मांडणीत घेतो. दार वेगळे, प्रश्न तोच. उत्तर शोधायला साठ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर सेवा मध्येच थांबते. म्हणून फार ऐसपैस प्रश्न विचारू नयेत.

आता प्रश्नाचा आकार पाहू. खरे आज्ञाशब्द रोमन लिपीत लिहावे लागतात. येथे मी ते मराठीत मांडते :

निवडा ?लेखक ?गाव
जेथे {
?लेखक – लेखनभाषा – मराठी .
?लेखक – जन्मस्थळ – ?गाव .
}

प्रश्नचिन्ह लावलेला शब्द म्हणजे रिकामी जागा. तिचे नाव आपण ठेवायचे, आणि ते देवनागरीतही चालते. प्रत्येक ओळ एक वाक्य असून तिच्या शेवटी टिंब असते. महत्त्वाची गोष्ट अशी की दोन ओळींत तीच रिकामी जागा आली, तर ती त्याच एका व्यक्तीने भरली गेली पाहिजे. हे आपल्या व्याकरणातले जो–तो आहे. 'जो मराठीत लिहितो, आणि जो ज्या गावी जन्मला, तो लेखक आणि ते गाव सांग.' संबंधी सर्वनामे नीट शिकवणाऱ्या शिक्षकाला यात नवीन काही नाही. माझ्या वर्गात संगणकाची भीती बाळगणारी मुलेही एवढे पंधरा मिनिटांत लिहू लागली.

आमचा पहिला घोटाळा गावाच्या जागी होता. विद्यार्थिनीने '?गाव' न लिहिता थेट 'गोवा' लिहिले होते. बा. भ. बोरकर १९१० साली कुडचडे येथे जन्मले. नोंदीत जन्मस्थळ कुडचडे असेल, तर 'जन्मस्थळ – गोवा' या ओळीत ते बसत नाहीत. कुडचडे केपे तालुक्यात, तालुका जिल्ह्यात, जिल्हा गोव्यात, ही साखळी यंत्राला आपण होऊन चढता येत नाही. ती चढ असे सांगावे लागते. 'प्रशासकीयदृष्ट्या कशात' या संबंधाचा क्रमांक पी १३१ आहे, आणि त्यापुढे तारकाचिन्ह दिले की 'शून्य किंवा कितीही पायऱ्या वर जा' असा अर्थ होतो :

?गाव – पी १३१* – गोवा .

एका तारकेने तक्ता कितीतरी लांबला. पण ही साखळी आजच्या नकाशाची आहे, हे विसरू नये. भा. रा. तांबे जन्मले ते मुंगावली तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते, आज मध्य प्रदेशात आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. 'महाराष्ट्राबाहेर जन्मलेले मराठी लेखक' असा प्रश्न विचारला की यंत्र आजच्या सीमा १९०० सालावर लादते, आणि एखादा लेखक आपण न हलता परप्रांतीय होतो. आपल्यासारख्या बाहेरच्या केंद्रांतील अभ्यासकांनी या जागी विशेष सावध असावे. राज्याचे नाव विचारण्यापेक्षा गावांची यादी स्वतः देणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

दुसरा घोटाळा अधिक नाजूक. 'मराठी लेखक' म्हणजे कोण? गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. घरची भाषा मराठी. थोरले हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे मराठीचे कवी-कादंबरीकार. 'मातृभाषा – मराठी' अशी ओळ लिहिली, तर दोघेही अपेक्षित. 'लेखनभाषा – मराठी' लिहिली, तर धाकटे. काका कालेलकर मराठी घरातले, आणि त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती पुस्तकाला. पी १०३ की पी ६८८६, ही तांत्रिक निवड नव्हे. वाङ्मयेतिहासाचा जुना वाद दोन क्रमांकांत येऊन बसला आहे. बोरकरांनी मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिले. त्यांच्या लेखनभाषेच्या जागी दोन उत्तरे असली पाहिजेत. कोणी एक पुसून दुसरे ठेवले, तर ते चूकच. आणि दोन भाषा तक्त्यात मागवल्या, की एकच लेखक दोन ओळींत येतो. ओळी मोजून 'लेखक इतके' असे लिहू नये, एवढे साधे पथ्य आहे. डिस्टिंक्ट हा शब्द त्यासाठीच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आमचा हरवलेला लेखक तारका लावूनही आला नाही. त्याची नोंद होती, पण जन्मस्थळाची जागा रिकामी होती. जो–तो च्या साखळीतली एक ओळ भरली नाही, की अख्खा माणूस गळतो, आणि गळल्याची कुठेही खूण राहत नाही. त्यावर उपाय म्हणजे ऑप्शनल हा शब्द. ती ओळ ऐच्छिक केली की यंत्र सांगते : असेल तर गाव दे, नसेल तर जागा कोरी ठेव, माणूस मात्र दे. आम्ही गावाची ओळ ऐच्छिक केली, साखळीची अट काढली आणि कोऱ्या जागा पाहिल्या. मोठ्या शहरांच्या, मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या लेखकांच्या नोंदी भरलेल्या होत्या. कोरेपणा आमच्याकडचा होता.

उलट प्रश्नही विचारता येतो : ज्यांना मराठी नावच दिलेले नाही असे लेखक कोण? अशा लेखकांच्या जागी तक्त्यात रोमन नाव किंवा नुसता क्यू-क्रमांक दिसतो. मराठी कवी आणि मराठीत निनावी! ही यादी म्हणजे आयती कामाची यादी आहे. मराठी नाव भरायला दोन मिनिटे लागतात. जन्मतारीख, गाव, लेखनभाषा भरताना मात्र आधार द्यावा. जुने वार्षिकांक, संमेलनांच्या स्मरणिका, ग्रंथालयांची सूची हे सारे चालते, आणि ते आपल्याच कपाटांत आहे.

विद्यार्थिनीने प्रकल्पाचे नाव बदलून 'नोंदींतील गोव्याचे मराठी लेखक' असे केले, आणि निष्कर्षाच्या जागी कोऱ्या जागांचा तक्ता जोडला. त्या हरवलेल्या लेखकाची लेखनभाषा आम्ही आधारासह भरली. गाव भरलेले नाही. एका स्मरणिकेत एक गाव आहे, नातेवाईक आजोळचे दुसरे सांगतात. जन्मनोंदीचा उतारा मिळेपर्यंत ती जागा कोरी आहे आणि आमच्या प्रश्नात ती ओळ ऐच्छिक आहे.