लोकलमध्ये गाणे ऐकायचे तर अ‍ॅम्प्लिफायर हवा का?

प्रश्न : रोजच्या लोकल प्रवासात ख्याल ऐकताना तानपुरा, मंद आलाप हरवून जातात. सेनहायझर एचडी 600 हेडफोन आणि सोबत पोर्टेबल अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

उत्तर : एचडी 600 अव्वल दर्जाचा, पण शांत खोलीसाठी. त्याचे कप मागून उघडे असल्याने डब्यातला खडखडाट सरळ आत शिरतो. 300 ओहमच्या या हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायरचे बळ मिळते खरे; मात्र त्याने गाणे मोठे होते, गोंगाट तसाच राहतो. मग ऐकणारा आवाज चढवत नेतो आणि धोका तिथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबल फक्त 4.

म्हणून आधी गोंगाट अडवावा.

कानात घट्ट बसणारे, फोमच्या टोकांचे इअरफोन हा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. त्यातले बहुतेक फोनवरच पुरेसे वाजतात. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एकसुरी घरघर छान दाबतात, गप्पा आणि फेरीवाल्यांच्या हाका तितक्या नाहीत. वायरलेस जोडीत अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो.

तेव्हा या वाचकाने वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे तूर्त वाचवावेत, आणि स्टेशनात उतरताना इअरफोन जरूर काढावेत.