टायफॉइडची तपासणी: आधी तापाचे दिवस मोज

पोरी, माझी सारी नोकरी लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली. आता तुझ्या घरात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, म्हणून चार गोष्टी कानावर घालते.

ताप कधी आला ती तारीख लिहून ठेव. कोणती तपासणी केव्हा करायची ते त्यावरच ठरतं. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात सापडण्याची शक्यता जास्त, तेव्हा ब्लड कल्चर करावं, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का ते पाहावं. टायफॉइडची दुसरी तपासणी, विडाल, जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणून तिसऱ्याच दिवशी विडाल निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नकोस.

कल्चरचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यावं. घरात उरलेली गोळी पोटात गेली, की बाटलीत जंतू वाढायची शक्यता घटते. मोठ्या माणसाचं 10 मिलिलिटरच्या आसपास रक्त घेतात, तेव्हा ‘एवढं कशाला?’ म्हणू नकोस. कमी रक्तात जंतू निसटतात. रिपोर्टला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही लागतो, पण कोणतं औषध लागू पडेल हे त्यातूनच कळतं. रक्त दिल्यावर डॉक्टरांनी औषध सुरू केलं तर रिपोर्टसाठी ते थांबवू नकोस. आणि कल्चरमध्येही बरेच टायफॉइड निसटतात, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट हा शेवटचा शब्द नव्हे.

विडालचा एकच आकडा पाहून घाबरू नकोस. पॅरिसच्या फर्नांड विडाल यांनी 1896 साली ही तपासणी मांडली. स्वस्त म्हणून ती अजून चालते. रिपोर्टमध्ये ‘ओ’ आणि ‘एच’ अशा दोन प्रतिपिंडांचे आकडे असतात. ‘एच’ जुन्या आजारानंतर किंवा लसीनंतरही बरेच महिने वाढलेला राहतो. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. 10 ते 14 दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत आकडा चौपट झाला, तर त्याला खरं वजन. बरं झाल्यावर ‘टायफॉइड गेला का’ म्हणून पुन्हा विडाल करणं म्हणजे पैसे वाया.

झटपट कार्डावरची टायफिडॉट तपासणीही चुकू शकते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मात्र करून घे. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या तर डॉक्टरांना दिशा मिळते. पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यूसाठीही रक्त सोबत तपासायला सांग.

औषध लागू पडलं तरी ताप उतरायला चार-पाच दिवस जातात. ताप गेला म्हणून गोळ्या सोडू नकोस. पोटात जोराची कळ आली किंवा शौचावाटे रक्त पडलं, शी काळी झाली, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठ.

आणि डॉक्टर अँटिबायोटिक लिहायला लागले की न संकोचता विचार, “आधी कल्चरला रक्त पाठवायचं का?”