तुटलेला पत्ता पुसू नका

"ताई, खालच्या पट्टीतल्या गाई बघा असं तुम्ही लिहिलंय. पण इथं तर नुसती रिकामी चौकट दिसतेय."

माणदेशातल्या एका शाळेतून गुरुजींचा फोन होता. वीरगळांवरचा, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांवरचा, माझा २००९ सालचा लेख ते मुलांना दाखवत होते. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या पट्टीत लढाई आणि वीराचं मरण, मधल्या पट्टीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर सूर्यचंद्र. तळाशी गाई कोरलेल्या असतील, तर तो गोधन राखताना पडला असं समजायचं. मुलांना त्या गाई दाखवायच्या होत्या आणि नेमका तोच फोटो गायब होता.

मी संकेतस्थळ तपासलं. ६४ लेखांपैकी ३१ लेखांतले फोटो दिसत नव्हते. त्या काळी फोटो एका फुकट सेवेवर चढवायचे आणि लेखात त्यांचा दुवा द्यायचा, अशी माझी पद्धत होती. ती सेवा कधीच बंद पडली होती, आणि जुने लेख पुन्हा उघडून बघायची सवय मला नव्हती.

मला लाज वाटली आणि त्या भरात मी मोठी चूक केली. एकेक लेख उघडून तुटलेल्या फोटोंचा कोडच काढून टाकायला बसले. पहाटेपर्यंत २३ लेखांतल्या रिकाम्या चौकटी गेल्या. पण त्या कोडात प्रत्येक फोटोचा पूर्ण पत्ता आणि फाइलचं नाव होतं. नावावरून मूळ फोटो माझ्या जुन्या सीडींवर शोधता आला असता, पत्त्यावरून इंटरनेटच्या संग्रहात. हे दोन्ही माग मी स्वतःच्या हातानं पुसले. होस्टिंगवाल्याकडे बॅकअप असतो एवढं ठाऊक होतं. तो फक्त सात दिवसांचा असतो हे कळलं, तेव्हा दहावा दिवस उजाडला होता. माझं संकेतस्थळ ज्यावर चालतं ते वर्डप्रेस लेखांच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं, पण जागा वाचावी म्हणून ती सोयही मीच बंद करून ठेवली होती.

हाताशी आलं ते वेबॅक मशीन. ते चालवणारी इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या कुणालाही बघता येतात. तिथं माझ्याच लेखांची जुनी पानं उघडली, पानाचा सोर्स पाहिला आणि एकेक पत्ता वहीत उतरवून घेतला. एका रात्रीत पुसलेलं परत जमवायला तीन आठवडे लागले.

हे एकट्या माझ्याबाबतीत घडलेलं नाही. जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये बंद झाली, पॅनोरामिओ ही फोटोंची सेवा २०१६ मध्ये. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४ मधल्या पाहणीनुसार, २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून जुने लेख दुरुस्त करायला बसणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे.

पहिल्या दिवशी लेखाला हात लावू नका. फाइली आणि डेटाबेस, दोन्हींची पूर्ण प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्या. मग एका तक्त्यात लेखाचं नाव, तुटलेला पत्ता आणि फोटोखालची ओळ टिपा. तुटलेला पत्ता हा केर नव्हे, फोटोपर्यंत नेणारा तोच रस्ता आहे.

पुढं दुवा का तुटला ते ओळखा, कारण फोटो गेलेलाच असतो असं नाही. संकेतस्थळ एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर नेलं आणि फोटोंचे पत्ते जुनेच राहिले, तर ब्राउझर ते अडवू शकतो. फाइलच्या शेवटी 'जेपीजी' मोठ्या लिपीत आहे की लहान, याचा विंडोजला फरक पडत नाही; लिनक्सच्या सर्व्हरला पडतो. अशा वेळी पत्त्यातली मोजकी अक्षरं बदलली की फोटो दिसू लागतो. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर आणखी जपा. 'वीरगळ' एवढ्या शब्दाची वेबपत्त्यात टक्क्याच्या चिन्हांसकट ४५ अक्षरं होतात आणि पत्ता हलवताना ती सहज बिघडतात. फाइलींना लहान लिपीतली साधी रोमन नावं द्या.

सगळे पत्ते एकदम बदलायचा मोह होतो. पण वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये काही मजकुरासोबत त्याची लांबीही नोंदलेली असते. साध्या शोधा-बदलानं लांबी चुकली की मांडणी मोडते. त्यासाठी बनवलेलं साधन वापरा, आधी प्रत्यक्ष बदल न करता चाचणी घ्या आणि एका लेखावर करून बघा.

वेबॅक मशीनमध्ये लेखाच्या पानासोबत फोटोचा पत्ताही वेगळा टाकून बघा. नावाच्या शेवटी ३०० बाय २२५ असं माप जोडलेलं असेल, तर ते काढून पुन्हा शोधा. कधीकधी मोठी प्रत मिळते. मिळालेला फोटो स्वतःच्या जागेवर ठेवा आणि मूळ प्रती दोन ठिकाणी जपा, त्यांतली एक घराबाहेर.

आणि आठवणीवर विसंबून दुसराच फोटो लावू नका. एका वीरगळाच्या जागी दुसरा लावला, तर वाचणाऱ्याला आपण खोटा पुरावा देतो.

गुरुजींना हवा असलेला फोटो मिळाला नाही. पुन्हा काढावा म्हणून तो वीरगळ असलेल्या गावी गेले. तिथल्या देवळाच्या जीर्णोद्धारात वीरगळ ओट्यात बसवलाय, तळाची पट्टी सिमेंटखाली गेलीय आणि वर चंदेरी ऑइलपेंट फासलाय. लेखात त्या जागी आता मी लिहून ठेवलंय: 'इथे २००९ साली काढलेलं छायाचित्र होतं. तळाच्या पट्टीत तीन गाई, त्यांच्यापुढे ढाल उचललेला वीर. छायाचित्र हरवलं आहे. कुणाकडे या दगडाचा जुना फोटो असल्यास कृपया कळवावं.'