क्षेमवाचक शब्दांची पर्यायता आणि व्यवहार : वाशिम परिसराच्या संदर्भात

'कुशल' या शब्दाचे पर्याय विचारले असता विद्यार्थी क्षेम, खुशाल, सुखरूप, बरे, ठीक हे शब्द एका दमात सांगतो. शालेय व्याकरणाने लावलेली ही सवय पदव्युत्तर वर्गापर्यंत टिकते. परंतु दोन शब्दांचे अर्थ जवळचे असणे आणि एकाच्या जागी दुसरा चालणे या भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात क्षेमवाचक शब्दांची पर्यायता व्यवहाराच्या कसोटीवर तपासली असून त्यासाठी वाशिम जिल्ह्याचा भाषिक परिसर समोर ठेवला आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वऱ्हाडी ही मुख्य लोकबोली आहे. तिच्या शेजारी बंजारा बोली, उर्दू आणि हिंदी यांचाही नित्य वावर आहे.

१. परंपरेतील भेद

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातील ताम्रपट येथेच मिळाला. त्याचा वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा भाग प्राकृतात आहे. दानाचा हेतू सांगताना राजाचा विजय, आयुष्य व बळ यांची वृद्धी आणि स्वस्तिशांती यांचा निर्देश येतो. या भूमीतील क्षेमचिंतनाचा हा जुना लेखी पुरावा प्राकृतात, म्हणजे लोकभाषेच्या जवळच्या रूपात आहे, हे लक्षणीय होय.

संस्कृत परंपरेने या शब्दांतील भेद काटेकोरपणे पाळला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाला 'कुशल', क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम' आणि शूद्राला 'आरोग्य' विचारावे, असा विधी आहे. विषमतेवर उभा असलेला हा विधी त्याज्यच आहे. भाषाभ्यासकाला मात्र त्यातून एक गोष्ट कळते. क्षेमवाचक शब्दाची निवड केवळ अर्थावरून ठरत नाही, ती बोलणाऱ्यांच्या नात्यावरून ठरते.

व्युत्पत्तीनेही हे शब्द वेगळे पडतात. हाताला इजा न होता कुश खुडणारा तो 'कुशल', अशी पारंपरिक उपपत्ती आहे. म्हणून 'कुशल'मध्ये नैपुण्य आणि स्वास्थ्य हे दोन्ही अर्थ नांदतात. 'क्षेम' हा राहणे, वसणे या अर्थाच्या 'क्षि' धातूपासून येतो. 'योगक्षेम' या समासात योग म्हणजे अप्राप्ताची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्ताचे रक्षण. जुन्या मराठीत याच 'क्षेम'पासून 'खेंव', म्हणजे आलिंगन, हा शब्द रूढ झाला. क्षेम विचारणे आणि कवेत घेणे ही भेटीची दोन अंगे एका शब्दात सामावली.

२. फार्सी-अरबी शब्दांची वाटचाल

वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रशासनाखाली होता. फार्सी-अरबी शब्द साऱ्या मराठीतच रुळले, पण रुळताना त्यांच्या वाटा बदलल्या. 'हाल' म्हणजे मुळात केवळ स्थिती. मराठीत 'हाल झाले' म्हटले की कष्टच समजले जातात. 'खैर' म्हणजे कल्याण. मराठीत तो उरला प्रामुख्याने 'आता तुझी खैर नाही' अशा धमकीत. 'खुशाल' मात्र दुभंगला. 'इकडे सर्व खुशाल' हे पत्रातील वाक्य स्वास्थ्य सांगते, तर 'खुशाल जा' यात परवानगी आहे आणि बहुधा रुसवाही. 'कुशल' या दुसऱ्या जागी चालत नाही.

'सुखरूप' हा शब्द संकटाची शक्यता गृहीत धरतो. प्रवासी सुखरूप पोचतो, बाळंतीण सुखरूप असते. रोज घरी बसणारा माणूस सुखरूप आहे, असे सहसा कोणी म्हणत नाही.

३. 'बरे' आणि त्याची विभक्ती

दैनंदिन बोलण्यात या सर्वांचा भार 'बरे' वाहतो. त्याचा संबंध सामान्यतः संस्कृत 'वर', म्हणजे श्रेष्ठ, याच्याशी जोडला जातो. आज मात्र 'बरा' हा 'चांगला'च्या खालचा आहे. निकाल 'बरा' लागला म्हणजे जेमतेम समाधानकारक लागला.

विभक्ती बदलली की त्याचा अर्थही बदलतो. 'मी बरा आहे' यात प्रकृती आहे. 'मला बरे वाटते' यात अनुभव आहे. 'माझे बरे चालले आहे' यात संसार, पीकपाणी, नोकरी आहे. 'तुझे बरे आहे बाबा' यात हेवा किंवा उपरोध आहे. 'बरा आहेस ना?' हा प्रश्न आजाऱ्याला काळजीचा आणि भलते बोलणाऱ्याला टोमण्याचा ठरतो. नुसते 'बरं' म्हणजे होकार, 'बरं का' म्हणजे लक्ष वेधणे.

'बरेवाईट' या जोडशब्दात तर 'बरे' लोपतेच. 'काही बरेवाईट झाले तर' या शब्दांत केवळ वाईटाची भीती असते. 'जिवाचे बरेवाईट करून घेणे' हा आत्मघातासाठीचा सौम्योक्त शब्दप्रयोग आहे.

४. 'बरं हाय'

वाशिमच्या बाजारात दोघे शेतकरी भेटतात. 'काहो दादा, बरं हाय ना?' 'हो जी, बरं हाय. तुमचं?' ही देवाणघेवाण माहितीसाठी नसून नाते उजळण्यासाठी असते. मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये अशा भाषाव्यवहाराकडे लक्ष वेधले. 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे' हा जुन्या पत्रांचा मायनाही याच जातीचा. तेव्हा पत्रातील 'कुशल' शिष्ट आणि 'बरं हाय' अशिष्ट, हा समज शास्त्रीय नाही. दोन्ही रूपे एकच कार्य करतात. एक लेखनात, दुसरे बोलण्यात.

मात्र या सूत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वाशिम होता. अशा प्रदेशात सर्वेक्षक, डॉक्टर किंवा शिक्षक 'बरं हाय ना?' विचारतो आणि 'बरं हाय' हे उत्तर माहिती म्हणून नोंदवतो, तेव्हा चूक भाषेची नसते, प्रश्नाच्या निवडीची असते. सूत्राला सूत्रानेच उत्तर मिळते. उत्तराचा सूर 'चाल्लं हाय आपलं' असा उतरला, तर ते 'बरं हाय'चा पर्याय नव्हे. 'बरे' म्हणण्याचे टाळलेले असू शकते. पुढचा प्रश्न पिकाचा, कर्जाचा, झोपेचा असा नेमका असावा लागतो.

निष्कर्ष

क्षेमवाचक शब्द अर्थाने शेजारी आहेत, परंतु पत्र, भेट, आशीर्वाद, आजारपण आणि धोक्यातून सुटका अशा प्रसंगांनी त्यांची कामे वाटून घेतली आहेत. म्हणून अध्यापनात पर्यायांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एकच वाक्य देऊन त्यात कोणता शब्द बसतो, कोणता बसत नाही आणि का, हे विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावे. वऱ्हाडी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला या अभ्यासासाठी लागणारी सामग्री कोशाआधी त्याच्या घरातच मिळते. त्याचे 'बरं हाय' लाल शाईने खोडण्याऐवजी ते कोणी, कोणाला आणि कोणत्या वेळी म्हटले, हे त्याला विचारावे.