वसंतातील पाऊस

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर कसाल नावाचे गाव आहे. येथूनच मालवणकडे जाणारा रस्ता फुटतो. पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्री, अशा या चिंचोळ्या पट्टीत चैत्र-वैशाखाचा वसंत मोठा देखणा असतो. आंब्याची झाडे फळांनी वाकलेली असतात, काजूची बोंडे लाल-पिवळी होतात, करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर दिसू लागतात. परंतु याच दिवसांत बागाईतदाराची दृष्टी झाडांवरून पुन्हा पुन्हा आभाळाकडे वळते.

उन्हाळ्यात जमीन लवकर तापते. समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची दमट हवा आत येते. ती उंच चढून थंड झाली, म्हणजे दुपारनंतर ढग जमतात, विजा कडाडतात आणि घटकाभर पाऊस कोसळतो. यालाच वळीव म्हणतात.

या वळिवाने नद्यांना पूर येतो काय? सहसा नाही. वसंतात नद्यांची पात्रे आटलेली असतात आणि कोरडी माती पाणी शोषून घेते. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या महिन्यांत. पुराचे भय तेव्हाच. येथील नद्या सह्याद्रीत उगम पावून थोड्याच अंतरावर समुद्रास मिळतात. त्यामुळे मुसळधार पावसात त्या पाहता पाहता दुथडी भरतात. त्याच वेळी समुद्रास भरती असली, तर पाणी तुंबून शेतांत शिरते.

तरीही वसंतातील पाऊस निरुपद्रवी नव्हे. त्याने आंब्याची फळे गळतात, उरलेल्यांवर काळे डाग पडतात. उन्हात वाळत घातलेली आमसुले भिजून वाया जातात. श्रावणात ज्या सरीकडे कोणी मान वर करूनही पाहत नाही, तेवढीच सर चैत्रात एखाद्या घराच्या वर्षाच्या कमाईवर पाणी फिरवते.

वैशाखात समुद्राचीही चाहूल घ्यावी लागते. तापलेल्या अरबी समुद्रात या सुमारास कधी कधी चक्रीवादळे निर्माण होतात. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंब्या-माडांची झाडे उन्मळून पडली आणि विजेचे खांब कोसळले. मोसमी पाऊस येथे साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. परंतु २०२५ साली तो २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला.

म्हणून कोकणातील शहाणी माणसे आगोटीची तयारी वेळेवर उरकतात. लाकूडफाटा कोरड्यात भरतात, छपरे नीट करतात, पाण्याच्या वाटा मोकळ्या करतात. हवामान विभागाचे इशारे ऐकतात आणि वीज चमकू लागताच झाडाखाली न थांबता घर गाठतात. पाऊस थांबविणे माणसाच्या हाती नाही. त्याची वेळ ओळखून सावध राहणे मात्र आहे.

अभ्यास

१. वळिवाचा पाऊस कसा पडतो, ते सांगा.
२. वसंतात नद्यांना सहसा पूर का येत नाही?
३. तुमच्या घरी पावसाळ्यापूर्वी कोणती कामे करतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.