केळ्यांतील बीजतत्त्वाचे धागे : घरीं करण्याजोगा एक प्रयोग

जवाहरनगर व भंडारा भागांतील आमच्या शेतकरी बंधूंस वाणाच्या शुद्धतेचा प्रश्न नवा नाहीं. धानाचें बियाणें घेतांना तें अस्सल कीं भेसळीचें, ही शंका दरवर्षीं येतेच. वाणाचे गुण ज्या द्रव्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, तें डी. एन. ए. हें द्रव्य होय. सन १८६९ मध्यें मीशर ह्या स्विस संशोधकानें तें प्रथम वेगळें केलें व सन १९५३ मध्यें वॉटसन व क्रिक ह्यांनीं त्याची रचना उलगडली. तें घरींही पाहतां येतें.

कृति : अर्धें पिकलेलें केळें चांगलें कुस्करावें. अर्धा पेला पाण्यांत अर्धा लहान चमचा मीठ व दोन चमचे भांडीं घासण्याचा पातळ साबण मिसळून तें केळ्यांत घालावें. फेंस न होऊं देतां ढवळावें, दहा मिनिटें ठेवावें व पातळ फडक्यांतून गाळावें. गाळलेला रस कांचेच्या उभट पेल्यांत घेऊन, औषधांच्या दुकानीं मिळणारें स्पिरिट बर्फांत थंड करून तितकेंच कडेनें अलगद सोडावें. थोड्याच वेळांत दोन थरांच्या मध्यें पांढरे बुळबुळीत धागे जमतात. स्पिरिट लवकर पेट घेतें व पोटांत गेल्यास विषारी असतें. तें चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवावें.

कारण : पेशीचें आवरण स्निग्ध असतें, तें साबणानें फुटतें. मिठामुळें धागे एकमेकांस चिकटूं शकतात. डी. एन. ए. पाण्यांत विरघळतें, पण स्पिरिटांत विरघळत नाहीं. म्हणून तें वेगळें होतें.

मात्र ह्या धाग्यांत फळांतील इतर चिकट द्रव्येंही मिसळलेलीं असतात, आणि कोणत्याही वाणाचे धागे डोळ्यांस सारखेच दिसतात. ह्यावरून वाण ओळखून देतों असें कोणी म्हणेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये. ती ओळख प्रयोगशाळेंतच पटते.

शेतकऱ्याचे उपाय निराळे आहेत. प्रमाणित बियाणें घ्यावें. पावती, पिशवी, तिची खूणचिठ्ठी व मूठभर बियाणें कापणीपर्यंत जपावें. तक्रारीच्या वेळीं हाच पुरावा कामास येतो. धान बहुतांशीं स्वपरागित आहे. म्हणून सुधारित वाणाचें बियाणें घरचें धरावयाचें असल्यास, लोंबी निसवतांना बांधींतील वेगळ्या उंचीचीं व वेगळ्या दाण्याचीं झाडें उपटून टाकावीं. संकरित वाणाचें बियाणें मात्र घरीं धरूं नये. पुढील पिढींत त्याचे गुण फुटतात.