गळ्यातली गाठ आणि नॉर्मल टीएसएच

प्रश्न : माझं वय ४२. गळ्याशी गाठ लागते, गिळताना वरखाली होते. टीएसएच नॉर्मल आहे. मग काळजी नाही ना?

उत्तर : ताई, टीएसएचवरून थायरॉइडचं काम कळतं, गाठीचं स्वरूप नाही. म्हणून गळ्याची सोनोग्राफी कराच. गाठ घट्ट आहे की पाण्याची, कडा कशा आहेत, आकार किती, यावरून सुईची तपासणी लागेल का ते ठरतं. ही सुई बारीक असते, तिला घाबरू नका. शंभरातल्या नव्वदच्या वर गाठी कर्करोगाच्या नसतात. पण आवाज घोगरा झाला, गाठ झपाट्याने वाढली किंवा श्वास अडू लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गाठ जिरावी म्हणून मनाने थायरॉइडच्या गोळ्या मात्र सुरू करू नका.